रीडिंग बसवायचं नाही

स्वयंपाकाच्या पुस्तकात "वर सांगितलेला मसाला आता परता" असं छापलेलं असावं आणि वर मसाल्याचं नावच नसावं, अशा जागा शोधून दुरुस्त करणं हे माझं गेल्या काही वर्षांचं काम आहे. फक्त माझं पुस्तक स्वयंपाकाचं नाही. कॉम्प्युटरला कसं शिकवायचं, हे ते माणसांना शिकवतं.

लातूरला एक लहानशी खाजगी प्रशिक्षण संस्था आहे. तिथं डीप लर्निंग मराठीतून शिकवतात. ही भानगड सोप्या भाषेत सांगायची तर यंत्राला नियम सांगत बसायचं नाही, उदाहरणं दाखवायची. हा तुरीचा चांगला दाणा, हा किडका, असे पुष्कळ फोटो त्याच्यापुढं ठेवायचे. यंत्र आधी अंदाज करतं आणि चुकतं. चूक केवढी झाली ते त्याला आकड्यात कळतं आणि त्याप्रमाणे ते आतली आपली गणितं थोडी थोडी हलवतं. सगळे फोटो एकदा दाखवून झाले की एक फेरी झाली. अशा फेऱ्या होत जातात तसा अंदाज सुधारतो. शेवटी त्यानं कधीच न पाहिलेले फोटो दाखवायचे आणि शंभरात किती बरोबर ओळखले ते मोजायचं. याला अचूकता म्हणतात.

हे शिकवायला कॉम्प्युटरवर जी फाइल देतात तिला नोटबुक म्हणतात. तिच्यात एक खोका मराठी सूचनेचा असतो, त्याखाली एक खोका प्रोग्रामचा. बटण दाबलं की प्रोग्राम चालतो आणि खाली उत्तर उमटतं. मग पुढची सूचना. सूचना, प्रोग्राम आणि उत्तर ही तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. ती जुळवणं माझ्याकडे. सूचनेत पाच फेऱ्या आणि प्रोग्राममध्ये दहा, असं चालत नाही. पहिल्या पाठात "फोटो", दुसऱ्यात "चित्र" आणि तिसऱ्यात "प्रतिमा" हेही चालत नाही, कारण नवा माणूस तीन निरनिराळ्या वस्तू शोधत बसतो. "खालचा तक्ता पाहा" म्हटलेलं असतं आणि तक्ता कुणीतरी वर नेऊन ठेवलेला असतो. पाठ लिहिणारा हुशार असतो, त्याला हे दिसत नाही. तो सूचना वाचतच नाही, त्याला पुढं काय होणार ते ठाऊक असतं.

त्याआधी मी नांदेडला एका विनाअनुदानित कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. अनुदान आज येईल उद्या येईल म्हणता म्हणता केस पांढरे झाले. तिथंच शिकवणारे बिडवे सर पुढं लातूरला गेले, त्यांनी ही संस्था काढली आणि मला बोलावलं. "तुम्हाला प्रोग्राम लिहायला येत नाही हेच बरं आहे," ते म्हणाले. "तुम्ही सगळं वाचाल." आता मी नांदेडच्या घरी बसून नोटबुकं तपासतो आणि शनिवारी प्रात्यक्षिकाला लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूरला जातो.

घरी माझी एक परीक्षा आहे, ती म्हणजे आमची सौ. नवी सूचना लिहिली की मी तिला मोठ्यानं वाचायला लावतो. तिला या विषयाचं काही घेणंदेणं नाही. भाजी निवडता निवडता ती वाचते आणि जिथं अडते तिथं मी खूण करतो.

"'आता मघाचा फोल्डर उघडा.' मघाचा म्हणजे कोणता?"

"वर सांगितलाय."

"वर दोन सांगितलेत."

खूण. कधी ती माझ्यावरच उलटते. "तुम्ही मला डाळीला तीन शिट्ट्या म्हणाला होतात, काल चार म्हणालात. घरातलं कोण जुळवणार?" तिचं म्हणणं खरं आहे. घरातलं जुळत नाही.

हे इतकं काटेकोर कशासाठी, असं मला आमचे साडूसुद्धा विचारतात. त्यांना मी हदगावच्या दत्ताची गोष्ट सांगतो. तरुण शेतकरी, बारावी सायन्स झालेला, घरूनच ऑनलाइन शिकायचा. दुसऱ्या पाठाच्या सूचनेत फोल्डरचं एक नाव होतं आणि प्रोग्राममध्ये दुसरंच. बटण दाबलं की लाल अक्षरात चूक उमटायची. त्यानं आम्हाला विचारलं नाही. त्याला वाटलं आपला लॅपटॉपच बिघडला. तो गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं सगळं पुसून नव्यानं भरून दिलं. चूक माझ्या लक्षात आल्यावर मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "सर, मशीनच खराब हाय माझी. फॉरमॅट मारलं तरी तेच लाल येऊन राहिलंय."

"दत्ता, मशीन चांगली आहे. आमच्या सूचनेत चूक आहे. मी दुरुस्त केलीय, आता करून बघ."

"ऱ्हाऊ द्या सर. आता सोयाबीनचं बघतो. लई डोकं चाललं न्हाई तसंबी माझं."

त्याचं डोकं चाललं होतं. प्रोग्राम नेमका कुठं अडला ते त्यानं वहीत बरोबर लिहून ठेवलं होतं, हे त्यानंच बोलता बोलता सांगितलं. पण तो परत आला नाही. तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली. शिकणारा आधी यंत्रावर संशय घेतो, मग स्वतःवर. सूचनेवर कधीच घेत नाही, कारण ती छापलेली असते.

पुढं शिवलीलाताईंचं जे झालं त्या वेळी हा दत्ता सारखा माझ्या डोळ्यापुढं होता.

शिवलीलाताई उदगीरच्या. सासरी धान्याची आडत, म्हणजे शेतकऱ्यांचा माल आपल्या दुकानी लावून विकून देण्याचा धंदा. लग्नाआधी बीएस्सी झालेल्या, मुलगी आता शाळेत. आमच्या वर्गात बहुतेक पोरंच, त्यांच्यात या एकट्या पस्तिशीच्या. शनिवारी सासूबाई नातीला सांभाळायच्या आणि या लातूरला यायच्या. संस्थेनं ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांना जुने लॅपटॉप वापरायला दिले होते, त्यातला एक त्यांच्याकडे होता. तो त्या जुन्या ओढणीत गुंडाळून आणायच्या. बिडवे सरांना उदगीरला संस्थेचा वर्ग सुरू करायचा होता आणि तो यांनी चालवावा असं त्यांनी एकदा सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं. त्या दिवशी ताई खाली मान घालून हसल्या होत्या. अशी माणसं हसली की बरं वाटतं.

ज्या शनिवारचं सांगतोय त्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधीच त्या माझ्या टेबलाशी आल्या. ओढणी सोडून लॅपटॉप ठेवला. वायर नीट गुंडाळलेला चार्जर शेजारी ठेवला.

"सर, हे जमा करून घ्या."

"का हो? बिघडला?"

"बिघडला न्हाई. मलाच जमत न्हाई. तुरीचा पाठ पुन्हा पुन्हा करून बघितला. पोरांचं येऊन राहिलंय, माझंच येत न्हाई."

"अहो, एका पाठानं काय होतं?"

"घरी मामंजी म्हणले होते, एकदा शिकून बघ, न्हाई जमलं तर दुकानात हिशेबाला बस. वाईट बोलले न्हाईत, चांगल्यानंच बोलले. पण एकदा म्हणले ना. आता न जमता दर शनिवारी त्यांच्यापुढून कशी निघू?" मग म्हणाल्या, "उदगीरच्या वर्गाचं सरांना तुम्हीच सांगा. माझ्यानं सांगणं होणार न्हाई."

मी म्हणालो, "आजचा वर्ग होऊ द्या. संध्याकाळी जमा करून घेतो." लॅपटॉप त्यांच्यापुढं परत सरकवला. चार्जर माझ्या टेबलावरच राहिला.

वर्ग सुरू झाला. तुरीचा पाठ सगळ्यांनी घरून करून आणायचा होता. पाठाच्या शेवटी सूचना होती, "तुमची अचूकता अंदाजे चौऱ्याण्णव टक्के यायला हवी." बिडवे सरांनी एकेकाला विचारलं. पहिला म्हणाला चौऱ्याण्णव. दुसरा चौऱ्याण्णव पूर्णांक एक. तिसरा, उमरीचा गजानन, पाय लांब करून बसणारा, म्हणाला, "त्र्याण्णव पूर्णांक नऊ सर, जरा कमीच पडलं." वर्ग हसला. असं करत शिवलीलाताईंपर्यंत आलं.

"एक्क्याऐंशी," त्या म्हणाल्या.

"किती?"

"एक्क्याऐंशी सर."

मागून कुणीतरी म्हणालं, "ताईची तूर लईच किडकी दिसती." पुन्हा हशा. ताईही हसल्या, पण त्यांचा हात लॅपटॉप मिटायला गेला होता तो मी पाहिला. बिडवे सर माणूस चांगला. ते म्हणाले, "काळजी करू नका, कुठं चुकलं ते बघू," आणि पुढं गेले. सगळ्यांचंच असं गृहीत होतं की चुकलं ताईंचं.

माझ्या मनात मात्र त्या चौऱ्याण्णवांची रांग अडकून बसली. इथं मला प्रयोगशाळेतलं थोडं सांगावं लागेल. ज्यांनी आपल्याकडे सायन्स केलंय त्यांना हे सांगायची गरज नाही. लंबकाचा प्रयोग असतो. गुरुत्वाचा आकडा किती यायला हवा ते पुस्तकात दिलेलं असतं. पोरं लंबक चार वेळा हलवतात, आकडा भलताच येतो, मग पुस्तकातल्या उत्तरापासून उलटं गणित करत मधले आकडे भरतात. याला रीडिंग बसवणं म्हणतात. यात कुणाला गुन्हा वाटत नाही. आधीच्या वर्षीच्या मुलांनी तेच केलेलं असतं, आणि तपासायला येणाऱ्यांनीही आपल्या काळात तेच केलेलं असतं. अशा वह्या पाहण्यात माझी वर्षं गेली. खरी रीडिंगं कशी असतात? एक इकडं पळतं, एक तिकडं, एखादं वेडंवाकडं. बसवलेली रीडिंगं शाळेच्या प्रार्थनेसारखी ओळीत उभी राहतात.

मी ताईंच्या शेजारी खुर्ची ओढली. "दाखवा," म्हणालो.

"काय दाखवू सर, चुकलेलंच हाय."

"पहिल्या खोक्यापासून दाखवा. मी सूचना वाचतो, तुम्ही करा."

मी वाचत गेलो, त्या करत गेल्या. एकही पायरी सुटली नाही. फेऱ्या बरोबर, फोटोंचा फोल्डर बरोबर. मला सूचना ठाऊक होत्या. मीच तपासून दिलेला पाठ होता, आणि तेव्हा चौऱ्याण्णवच येत होते. यंत्र चालत होतं तेवढ्या वेळात ताई हळूच म्हणाल्या, "जे फोटो यंत्रानं चुकवले ते मी मामंजींना दाखवले होते. म्हणलं, सून काय शिकते ते त्यांनाबी बघू दे."

"मग काय म्हणाले?"

"म्हणले, फोटोवर काय सांगू? दाणा हातात दे."

उत्तर उमटलं. ऐंशी आणि काही अपूर्णांक.

"बघा," त्या म्हणाल्या. "आणखी एकानं कमी झालं."

"ताई, तुमचं काही चुकलेलं नाही," मी म्हणालो. "हा आकडा असा का, ते मला अजून कळलेलं नाही. पण तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, हे नक्की."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांच्यापुढं छापलेली सूचना होती आणि मी नुसता बोलत होतो.

मी उठून गजाननच्या मागं जाऊन उभा राहिलो. "गजानन, तुझंही एकदा पहिल्यापासून चालव बरं."

"कशाला सर, आलंय की बरोबर."

"म्हणूनच."

"सर, बॅटरी उतरून राहिलीय."

मी माझ्या टेबलावरचा ताईंचा चार्जर आणून त्याच्या लॅपटॉपला लावला. त्याचाही लॅपटॉप संस्थेचाच, त्यामुळे तो बसला. आता त्याला इलाज राहिला नाही. त्यानं बटण दाबलं आणि खिडकीबाहेर बघू लागला. थोड्या वेळानं उत्तर आलं. ब्याऐंशी.

"हे काय?"

गजाननचे कान लाल झाले होते. "सर, तिथंच लिहिलं होतं ना, चौऱ्याण्णव यायला हवं म्हणून. माझे येत नव्हते. म्हणलं आपलंच कायतरी चुकलं. मग..."

"मग?"

"बसवलं."

मी बाकीच्यांकडे पाहिलं. कुणी डोकं खाजवत होतं, कुणी पाणी पीत होतं. मला राग आला नाही. त्यांनी जे केलं ते आम्हीच सगळ्यांनी मिळून अकरावीपासून शिकवलेलं होतं. शिवाय आकडा त्यांच्यापुढं आम्हीच ठेवला होता.

बिडवे सर गजाननच्या पडद्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "फोटो," ते म्हणाले. "मी फोटो बदलले."

झालं होतं असं. तुरीचे फोटो सरांनी स्वतः मोबाइलवर काढले होते, पांढऱ्या कागदावर दाणा ठेवून. एकेका दाण्याचे बरेच फोटो. मी पाठ तपासून दिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की एकाच दाण्याचा एक फोटो शिकवायच्या ढिगात गेलाय आणि दुसरा परीक्षेच्या ढिगात. म्हणजे परीक्षेत यंत्राला तोच दाणा पुन्हा भेटत होता, आणि ते ओळखीच्या माणसाला नमस्कार करावा तसं उत्तर देत होतं. सरांनी परीक्षेतले असे फोटो काढून तिथं नव्या दाण्यांचे घातले. अगदी योग्य केलं. पण खालच्या सूचनेतलं वाक्य तसंच राहिलं आणि मला सांगायचंही राहिलं. नव्या फोटोंवर चौऱ्याण्णव कुणालाही येणं शक्य नव्हतं. एक्क्याऐंशीच्या आसपास, दर वेळी थोडं मागंपुढं, हेच खरं उत्तर होतं.

सर फळ्याकडे गेले. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं पोरांना झाडलं असतं. त्यांनी फळ्यावर आधी चौऱ्याण्णव लिहिले आणि ते खोडून म्हणाले, "हा आकडा खोटा होता. तो मी लिहिला होता. तुमच्या आधी यंत्रानंच रीडिंग बसवलं होतं, आणि ते मला कळायलाही वेळ लागला." मग बाजूला एक्क्याऐंशी लिहिले. "हा शिवलीलाताईंचा. आज या वर्गात एवढा एकच आकडा खरा आला."

मागून गजानन म्हणाला, "ताई, तूर चांगली हाय तुमची."

"ठेव तुझ्याकडंच," ताई म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा आवाज मोठा झाला होता. "बॅटरी उतरून राहिलीय म्हणे."

मग प्रश्न आला तो माझ्या कामाचा. सूचनेत आता काय लिहायचं? सर म्हणाले, चौऱ्याण्णवच्या जागी एक्क्याऐंशी करा. मी म्हणालो, मग पुढच्या तुकडीत सगळे एक्क्याऐंशी बसवतील. सर म्हणाले, आकडा काढूनच टाका. त्यावर शिवलीलाताई म्हणाल्या, "काढू नका सर. काहीच न्हाई लिहिलं तर माणूस आणखी घाबरतो. आकडा ऱ्हाऊ द्या. पण वेगळा आला तर काय करायचं तेबी लिहा. मला तेवढंच पाहिजे होतं."

मी ते वाक्य तिथंच त्यांच्याकडून बोलून घेतलं. नांदेडला परतल्यावर सौ.कडून वाचून घेतलं. ती कुठंही अडली नाही. मग ते आमच्या प्रत्येक नोटबुकात, जिथं जिथं उत्तराचा आकडा दिलाय तिथं तिथं त्याच शब्दांत घातलं: "तुमचा आकडा वेगळा आला तर तोच लिहा आणि आम्हाला दाखवा. चूक आमचीही असू शकते." शेवटचं वाक्य एका नव्या शिक्षकांना पटलं नव्हतं, त्यानं संस्थेची शोभा जाते असं ते म्हणाले. ते वाक्य आहे तिथंच आहे. दत्ताला मी नवा पाठ पाठवला, सोबत हेच वाक्य फोनवर वाचून दाखवलं. "हाव सर, बघतो," म्हणाला. अजून त्याच्याकडून काही आलेलं नाही.

त्या शनिवारी वर्ग सुटल्यावर मी मुद्दामच टेबलावरचे कागद आवरत बसलो. लॅपटॉप जमा करून घ्यायचा शब्द मी दिला होता आणि दिलेला शब्द पाळायची मला वाईट सवय आहे. पोरं गेली. शिवलीलाताई बाकावर बसून होत्या. त्यांनी लॅपटॉप मिटला, ओढणी पसरली, चारी टोकं नीट घेऊन गाठ मारली. उठल्या. माझ्या टेबलाकडे न वळता दारापर्यंत गेल्या. मी मान वर केली नाही.

दारातून त्यांचा आवाज आला.

"सर, चार्जर गजाननच्या बाकावर राहिलाय. तेवढा द्या."